हुंकार थांबेपर्यंत

त्या दिवशी सकाळी मी दूध आणायला निघालो होतो. बुधवार होता, १७ जानेवारी २०२४. बीडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी डेअरी आहे, तिथं साडेसहाला पिशव्यांची गाडी येते. मी रांगेत चौथा होतो. पुढचे गृहस्थ कालच्या दुधाला वास येत होता म्हणून भांडत होते आणि डेअरीवाला त्यांना म्हणत होता, "काका, संक्रांत झाली की परवा. तुमच्याच हाताला तिळाचा वास आसंल." रांगेतले लोक हसले. मीही हसलो. तेवढ्यात खिशात फोन वाजला. पाहिलं तर सुरेखाचं नाव.

सुरेखा माझी धाकटी बहीण. इतक्या सकाळी ती कधी फोन करत नसे. मी म्हणालो, "बोल गं."

पलीकडून बायनाबाईंचा आवाज आला. सुरेखाच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. त्यांना फोन लावता येत नाही, कुणीतरी लावून दिला असणार. त्या म्हणाल्या, "मास्तर, सुरेखा गेली की हो रातच्याला."

मी विचारलं, "अजिनाथराव कुठं होते?"

अजिनाथ तिचा नवरा.  बायनाबाई म्हणाल्या, "तुमी या आगुदर."

माझी पाळी आली होती. मी दोन पिशव्या घेतल्या आणि घरी आलो.

हे मी तुम्हा पोरांना कधी सांगणार नव्हतो. तुम्ही इथं परीक्षांचा अभ्यास करायला येता, तो करावा आणि जावं. पण आज साडेआठ वाजता मी आत रोजचं पान वाचत असताना बिभीषणनं मागून मोठ्यानं "हं" केलं आणि तुम्ही सगळे हसलात. मी पुस्तक मिटून बाहेर पायरीवर येऊन बसलो. तुम्हाला वाटलं, सरांना राग आला.

"सर, मी आपली गंमत केली," बिभीषण म्हणाला. "भिंतीवर लिवलंय ना, ऐकणाऱ्यानं हुंकार द्यावा. म्हनलं कुणीच देत न्हाई, आपण द्यावा."

"तुला कशाला नस्ती उठाठेव बे?" उज्ज्वला त्याला म्हणाली. मग माझ्याकडं वळून, "सर, इथं कुणी हुंकार कावून देत न्हाई? मी दोन वर्षं बघायलेय."

बसा. आता नऊ वाजत आलेत. लाइट साडेदहाला येईल. तोवर सांगून होईल.

ही दगडी इमारत राधाकिशन वकिलांची. निजामाच्या राज्यात ते बीडच्या कोर्टात वकिली करत. पुस्तकांचं वेड. हैदराबादेहून उर्दू, पुण्याहून मराठी, जे मिळेल ते पेटाऱ्यांत भरून बैलगाडीनं इथं शेलगव्हाणला आणायचे. त्या काळात गावात मराठी वाचनालय उघडायचं म्हणजे सरकारची नजर ओढवून घेणं होतं. म्हणून त्यांनी पाटी लावली नाही. पुस्तकं घरची, येणारे पाहुणे. असे रोज वीस-तीस पाहुणे यायचे. बहुतेकांना वाचता येत नव्हतं. मग संध्याकाळी एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. ऐकणारा जागा आहे हे वाचणाऱ्याला कळावं म्हणून मधूनमधून हुंकार द्यायचा. आपल्याकडं गोष्ट ऐकताना देतात तसाच.

पुढं वकीलसाहेबांची दृष्टी गेली. मग ते स्वतःच ऐकणारे झाले. आत उर्दूचं मोठं कपाट आहे ना, त्याच्या पायाशी सतरंजी टाकून बसायचे. एकदा बसले की उठत नसत. माझे वडील त्यांच्याकडं वाचायला जात, त्यांच्या तोंडून मी ऐकलंय. पान संपलं की वाचणाऱ्यानं विचारायचं, "इथं थांबू का?" ते गप्प राहिले तर परवानगी. "हं" म्हणाले तर पुढं. आणि ते "हं" म्हणत. पहाट झाली तरी म्हणत. वाचणाऱ्याचा घसा बसला की गुळाचा खडा पुढं करत, पण गप्प राहत नसत. एकदा वडिलांना ताप होता. चार वेळा विचारलं, चारही वेळा "हं." पाचव्यांदा विचारायला तोंड उघडलं ते वडील पुस्तकावरच कलंडले. वकीलसाहेब म्हणाले, "पाणी द्या त्याला. आणि पुढं वाचू द्या."

क्रूर माणूस होता का? मला माहीत नाही. आंधळ्याला रात्र लांब असते, एवढं वडील म्हणायचे.

एकसष्ट साली त्यांनी हे सगळं गावाला दिलं. खासगी होतं ते सार्वजनिक झालं, सरकारी मान्यता आली. दानपत्रात एकच अट. रोज दिवस मावळल्यानंतर आणि मध्यरात्रीच्या आत दालनात एक पान मोठ्यानं वाचलं गेलं पाहिजे. ज्या दिवशी चुकेल त्या दिवशी इमारत आणि जागा वारसांकडे परत. आणि भिंतीवर त्यांनी रंगवून घेतलं, तुम्ही वाचता ते. ऐकणाऱ्यानं हुंकार द्यावा. हुंकार येत आहे तोवर वाचणाऱ्यानं उठू नये.

ते वारले चौऱ्याहत्तरला. पुढं टीव्ही आले, मोबाईल आले. ऐकणारे संपले. पण अट संपली नाही. ग्रंथपालानं रोज रिकाम्या दालनात एक पान वाचायचं, तीनदा विचारायचं, "इथं थांबू का?" आणि कुणी काही म्हणत नाही म्हणून पुस्तक मिटायचं. वाचनाच्या वहीत तारीख, पानाचा आकडा, सही. एक कपाट संपलं की दुसरं. माझे मेव्हणे अजिनाथराव हे काम बावीस वर्षं करत होते. एक दिवस चुकला नाही.

चुकावा अशी मात्र एकाची फार इच्छा होती. वकीलसाहेबांचा नातू रविराज. रस्त्याकडेची जागा, केज बारा किलोमीटर, पुढं परळीकडं जाणारी वाहनं. त्याला इथं गाळे काढायचे होते. राजकारणातला माणूस, गोड बोलायचा. येता-जाता अजिनाथरावांना म्हणायचा, "काय अजिनाथराव, झालं का आजचं भुताला वाचून?"

आता त्या रात्रीचं. मंगळवार, १६ जानेवारी. संक्रांतीचा दुसरा दिवस, किंक्रांत. सणामुळं अभ्यासाला एकही पोरगं आलेलं नव्हतं. निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं, घरांना कुलपं. अजिनाथराव दुपारी केजला गेलते. तुमच्याच परीक्षांच्या पुस्तकांचा गठ्ठा आणायचा होता आणि सुरेखाचा पंप. तिला दमा होता, लग्नाआधीपासूनचा. घरातला पंप संपत आला होता. येताना उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता अडवला, जीप दोन तास उभी. गावात पोचायला आठ वाजले. त्यांनी गठ्ठा वाचनालयात टेबलावर टाकला, औषधाची पिशवी त्यातच राहिली. वाचन जेवून करू म्हणाले आणि घरी गेले.

जेवण झालं. सव्वानऊच्या सुमारास सुरेखाला दम लागायला लागला. फार नाही. नेहमीचाच. घरातला पंप दाबला तर नुसतीच हवा. अजिनाथराव उठले. ती म्हणाली, "पंप आणायला चाललाव तर वाचनबी उरकूनच या. त्या रविराजला निमित्त कशाला द्यायचं?"

"आगं, आधी पंप तर देऊन जातो."

"दोन चकरा कशाला? मी काय इतक्यात मरायले व्हय?" ती हसली. "मेले तर तुमालाच भाकरी थापाव्या लागतील, ह्या भेवानंच मरायची न्हाई मी. लईच झालं तर बायनामावशीला हाक मारीन. जावा."

दहा मिनिटांचं काम होतं. घरापासून इथवर चारशे पावलं.

लाइट गेलेली होती. दालनात इन्व्हर्टरवरचा एक दिवा. अजिनाथरावांनी गठ्ठ्यातून पिशवी काढली, पंप शर्टच्या खिशात घातला. मोबाईल टेबलावर ठेवला. कपाटातून चालू पुस्तक काढलं. कुणाच्या तरी प्रवासाचं जुनं पुस्तक, शंभर वर्षांपूर्वीचं, लेखकाचं नाव उंदरांनी खाल्लेलं. आदल्या दिवशी सोळावं पान झालं होतं. त्यांनी उभ्याउभ्याच सतरावं वाचलं. भरभर वाचलं, घरी जायचं होतं.

पान संपलं. "इथं थांबू का?"

काही नाही.

"इथं थांबू का?"

काही नाही. त्यांनी दुसऱ्या हातानं वही ओढून घेतली होती.

"इथं थांबू का?"

"हं."

...

अजिनाथरावांना वाटलं, कुणीतरी पोरगं आत बसलंय. त्यांनी दिव्याच्या पलीकडं पाहिलं. बाकं रिकामी. आवाज उर्दूच्या कपाटाकडून आला होता. खालून. जमिनीवर बसलेल्या माणसाचा येतो तसा.

"कोण हाय बे?" ते म्हणाले. "बाहेर ये. दार लावायचंय मला."

कुणी आलं नाही. त्यांनी पुस्तक मिटलं.

आणि छाती बंद झाली.

दुखलं नाही, म्हणाले. नुसती बंद झाली. आत गेलेला श्वास बाहेर येईना. बाहेरचा आत जाईना. त्यांनी टेबल धरलं. डोळ्यांपुढं काळं यायला लागलं. सुरेखाला काय होतं ते इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा कळलं, असं ते मला म्हणाले. मग त्यांनी केलं ते सांगताना त्यांनी मान खाली घातली. "पंप मी माझ्या तोंडाला लावला, दादा. तिचा पंप. दोनदा दाबला."

काही फरक पडला नाही.

हात पुस्तकावर पडला. पुस्तक उघडलं गेलं. अठरावं पान. पहिली ओळ डोळ्यांना दिसली, ओठांनी ती म्हटली... आणि श्वास आला.

"हं."

वाचलं की श्वास. थांबलं की बंद. दोनदा करून पाहिलं. तिसऱ्यांदा करायची हिंमत झाली नाही.

ते वाचत राहिले. वाक्याला एक हुंकार. सावकाश, समाधानी. वाचता वाचता ते दाराकडं एक पाऊल सरकले. पुस्तक हातात होतंच, म्हटलं वाचतच घरी जाऊ. उंबऱ्यापाशी दिव्याचा उजेड संपतो. अक्षरं दिसेनाशी झाली. छाती आवळली. ते परत फिरले.

हुंकार आता बाकांपाशी आला होता.

एकोणीस. वीस. एकवीस.

हुंकार टेबलाच्या पलीकडं.

मग मोबाईल वाजला.

नऊ बावन्न. हे मी त्यांच्या सांगण्यावरून बोलत नाही. मी दोन्ही फोन नंतर पाहिले. सुरेखाचा फोन. त्यांनी अंगठ्यानं उचलला, आवाज मोठा केला. त्यांना सांगायचं होतं, बायनामावशीला हाक मार. एवढंच. तीन शब्द. त्यांनी तोंड उघडलं.

तोंडातून पुस्तकातली पुढची ओळ आली.

"अहो," सुरेखा म्हणाली. "किती वेळ? घावला का पंप?"

पुढची ओळ.

"अहो..."

पुढची ओळ. ते ओरडायला गेले. ओरडून वाचलं गेलं, बस्स. मग तेही नाही, आवाज आपोआप खाली आला. शांत. नेहमीचा. घरी वाचायचे तसा.

इथं तुम्हाला एक सांगितलं पाहिजे. सुरेखाला दम लागला की अजिनाथराव तिला वाचून दाखवायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, घाबरायचं नाही, श्वास हळूहळू सोडायचा. मग ते तिच्या खाटेशी बसत आणि काहीही वाचत, पंचांग म्हणा, पेपर म्हणा. प्रत्येक वाक्याला तिनं लांब हुंकार द्यायचा. त्यात श्वास सोडला जायचा. पंप मिळेपर्यंत, जीप येईपर्यंत ते असंच करत. त्यांनीच शोधून काढलेलं होतं. बऱ्याच वेळा त्यावरच भागत असे.

फोनवर सुरेखा थोडा वेळ ऐकत राहिली. मग तिला कळलं. म्हणजे कळलं असं तिला वाटलं. ती म्हणाली, "बरं. वाचा. मी हाय."

आणि तिनं हुंकार दिला.

...

"सर," बिभीषण म्हणाला. "नका सांगू पुढचं."

"गप," उज्ज्वला म्हणाली.

दालनातला हुंकार थांबला. त्या क्षणी थांबला. टेबलापलीकडं कुणी नव्हतं. कपाटाशी कुणी नव्हतं. अजिनाथराव म्हणाले, कुणीतरी उठून गेल्यावर खोली मोकळी होते तशी झाली. त्यांनी पुस्तक मिटायला हात उचलला.

फोनमधून आलं, "हं."

छाती बंद.

आता एकच ऐकणारी होती.

ते वाचत राहिले. ती हुंकार देत राहिली. ती देत होती म्हणून त्यांना थांबता येत नव्हतं. ते वाचत होते म्हणून ती कुणाला हाक मारत नव्हती. चारशे पावलं. पंप खिशात. लांब हुंकार. मग तोकडा. मग वाक्य संपून बराच वेळ काही नाही, आणि त्यांना वाटायचं, आता... आणि त्याच क्षणी त्यांना कळायचं की आपण कशाची वाट पाहतोय.

"मी वाट बघत व्हतो, दादा," ते म्हणाले.

आणि मग बारीकसा, "हं."

पुढची ओळ.

"हं."

पुढची ओळ.

...

पुढची ओळ.

...

त्यांनी विचारलं, "इथं थांबू का?"

तीनदा विचारलं.

दहा एकोणचाळीस. फोन सत्तेचाळीस मिनिटं चालू होता.

हे सगळं अजिनाथरावांनी मला एकदाच सांगितलं, दहाव्याच्या दिवशी, नदीकाठी. तुम्ही पळत का नाही सुटलात असं मी विचारलं नाही. ते पळाले होते. पण त्याआधी त्यांनी एक गोष्ट केली. पुस्तक कपाटात ठेवलं, वही उघडली, तारीख घातली, सही केली. बावीस वर्षांची सवय. हातानं आपोआप केलं. मग पळाले.

"सर," उज्ज्वलानं विचारलं, "पण बायनाबाईंना काहीच ऐकू आलं न्हाई? भिंतीला भिंत हाय म्हणलाव ना?"

आलं. बायनाबाई रात्री दहाच्या पुढं अंगणात आल्या होत्या. सुरेखाच्या घरातून हुंकार ऐकू येत होता. त्यांनी मला सांगितलं, "म्या म्हनलं, मालक वाचून दावायलेत तिला. लई जीव हाय तिच्यावर. म्या जाऊन झोपले." पहाटे दार उघडं दिसलं म्हणून त्या आत गेल्या. सुरेखा भिंतीला टेकून बसलेली, फोन कानाशी. अजिनाथराव समोर बसून पंप तिच्या तोंडाला लावत होते, दाबत होते, काढत होते, पुन्हा लावत होते. बायनाबाईंनी त्यांच्या हातातून तो काढून घेतला. त्यांनी दिला. 

तेराव्याला रविराज आला. पांढरे कपडे, हात जोडलेले, माझ्याशेजारी सतरंजीवर बसला. वहिनी फार चांगल्या होत्या म्हणाला.  मग कानाशी येऊन हळूच म्हणाला, "मास्तर, राग मानू नका. त्या दिवशीचं वाचन झालं व्हतं का?"

मी उठलो. सतरा तारखेपासून रोजचं पान मीच दुसऱ्या पुस्तकातून वाचत होतो, किल्ली माझ्याकडंच होती. त्याला घेऊन इथं आलो, कुलूप काढलं, वही त्याच्यापुढं धरली. १६ जानेवारी २०२४. पृष्ठ १७ ते ४४. सही. अक्षर जराही हललेलं नव्हतं. त्यानं दोनदा वाचलं.

"अठ्ठावीस पानं?" तो म्हणाला. "एकच वाचायचं आसतं ना?"

"तुमच्या आजोबांना आवडायचं," मी म्हणालो.

तो गेला. इमारत वाचली. तुम्ही आज जिथं बसून अभ्यास करता ती जागा त्या सहीवर उभी आहे, हे मी तुम्हाला उपकार म्हणून सांगत नाही. आहे ते सांगतो.

अजिनाथराव आता परळीला त्यांच्या भावाकडं असतात. तब्येतीनं बरे आहेत. घरात दूध आणतात, भावाच्या नातवाला शाळेत सोडतात. वाचत मात्र काही नाहीत. पेपर समोर आला की उठून जातात. एसटीवर कुठल्या गावाची पाटी आहे तेसुद्धा दुसऱ्याला विचारतात. मी शाळेतून निवृत्त झालो होतो, बीडचं घर बंद केलं आणि त्यांच्या जागी इथं आलो. रोज एक पान वाचतो. तीनदा विचारतो. पोरांनो, तुमच्यापैकी कुणीही, गंमत म्हणूनसुद्धा, त्यावर आवाज करू नका. तेवढंच मागतो.

"न्हाई करणार, सर," बिभीषण म्हणाला. मग त्यानं विचारलं, "पण सर... खरं सांगा. ते वकीलसाहेबच व्हते का? का अजिनाथ सरांना आपलं दुःखानं तसं..."

मीही तेच मनाशी म्हणत होतो. डॉक्टर म्हणाले, धक्क्यानं माणसाला घडलेलं वेगळंच आठवतं. असेल. ते इथं बसून वाचत राहिले, फोन चालू ठेवला, का ते त्यांनाच कळत नाही, म्हणून मनानं काहीतरी रचलं. असेल. मी त्यांना एवढंच विचारलं होतं, की तुम्ही तिला वाचलंत ते काय होतं? शेवटची सत्तेचाळीस मिनिटं माझी बहीण काय ऐकत होती? ते म्हणाले, "एक अक्षर आठवत न्हाई, दादा. पानं उलटल्याचं तेवढं आठवतंय."

रविराज गेल्यावर मी ते पुस्तक कपाटातून काढलं. म्हटलं, आपणच वाचू. सतरा ते चव्वेचाळीस.

जुनी पुस्तकं कशी येत, तुम्हाला माहीत नसेल. छापलेला मोठा कागद घड्या घालून शिवलेला असे, कडा कापलेल्या नसत. पानं वरून आणि बाजूनं एकमेकांना जोडलेलीच. वाचणाऱ्यानं सुरीनं एकेक घडी कापत पुढं जायचं. कापल्याशिवाय पान उघडत नाही.

त्या पुस्तकाची सोळा पानं कापलेली आहेत. सतराव्यापासून शेवटपर्यंत एकही नाही. घड्या तशाच आहेत, अखंड. घडीच्या आत जुनी धूळ बसलेली आहे. ती पानं आजवर कुणी उघडलेली नाहीत.

मी ते पुस्तक दिव्याशी नेलं. जोडलेल्या पानांच्या फटीला डोळा लावला तर आतली एखादी ओळ दिसू शकते. मी डोळा लावला नाही. पुस्तक माझ्या खोलीत उशाशी आहे. शेजारी सुरी ठेवली आहे. दोन वर्षं होत आली.

ती पानं मी अजून कापलेली नाहीत.